दोन बायोडाटा

गोलाणी मार्केटातला टाइपवाला पोरगा
मान वर न करता विचारतो,
"कुठला? लग्नाचा की नोकरीचा?"
दोन्ही, म्हटलं.
एकात रास, नाडी, मामाचं आडनाव.
दुसऱ्यात सात वर्षं,
पाइप किती दाबाला फुटतो ते लिहून ठेवण्यात गेलेली.
उंची त्याने दोन्हीकडे टाकली.
राहू दे म्हटलं,
लॅबमधल्या वरच्या फळीला हात पुरायचा माझा.

दुसरी पाळी बंद केली त्या दिवशी
मोठ्या सरांनी आम्हा अकरा जणांना समोसे दिले
आणि म्हणाले, "संपर्कात राहा."
मी राहिले.
रोज सकाळी नमस्कार सर,
रोज दोन निळ्या खुणा.

निशिगंधाने ग्रुप काढला, नाव ठेवलं 'नवी पाळी'.
पण अकराही जणांना त्याच सहा कंपन्या ठाऊक,
त्याच सहा गेटांवरचे तेच वॉचमन.
एका विहिरीत अकरा पोहरे सोडले
म्हणून काय पाणी वाढतं?

आई म्हणायची, ओळख लागते.
भरताच्या वांग्याला पऱ्हाटीची आच लागते तशी.
ओळख होती की.
फैजपूरचे लीलाधरमामा,
पुढाऱ्याच्या गाडीत पुढे बसणारे.
ते म्हणाले, "बघू."
त्या 'बघू'त मी चार महिने भाड्याने राहिले.

मग सावद्याचा मेळावा, वधूवर परिचयाचा.
माइक हातात, तीस सेकंद:
नाव, शिक्षण, अपेक्षा.
आधीच्या मुलीला निर्व्यसनी हवा होता,
त्याच्या आधीचीला पुण्याचा.
मी म्हणाले, प्रणिता नारखेडे, बीएस्सी केमिस्ट्री,
आणि अपेक्षांशी आल्यावर
तोंडातून निघून गेलं,
"क्वालिटी कंट्रोल. शिफ्ट कुठलीही चालेल."

मंडप हसला.
आईने पदरात तोंड घातलं.
मीही हसले, आणि हसता हसता
माइक परत द्यायचा विसरले.

जेवणाच्या पंगतीत, बट्टी कुस्करताना,
शेजारची बाई म्हणाली,
"पोरी, तुले नवरा पाह्यजे का नोकरी?"
मंदाकिनी भोळे. मुलासाठी आली होती.
पिशवीत हात घातला तर लग्नाचे संपलेले,
दुसराच हाताला लागला.
तिने तो हात लांब करून, चष्म्याशिवाय,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.
तोवर तो कुणी इतका वाचला नव्हता.

सतराव्या दिवशी फोन.
"पोराचं काई जमत नाई माय, त्याले पुण्याचीच पाह्यजे.
पन माह्या भावजयच्या शेजारी
एक जन पान्याच्या टाक्या बनवतो, भुसावळले.
त्याची तपासनीवाली बाळंतपनाले गेली."

माझी ती कोण?
ना नात्याची, ना गावची.
तिच्या भावजयीचा शेजारी माझ्या अकरा जणांच्या
स्वप्नातही आला नसता.
माझे सगळे माझ्याइतकंच जाणत होते,
आणि मी चार महिने त्यांनाच विचारत होते.

काम सहा महिन्यांचं. पगार आधीपेक्षा कमी.
साडेसहाची एसटी, डबा,
आणि टाकी भरून ठेवायची, रात्रभर,
सकाळी खालची फरशी कोरडी आहे का बघायची.
बहुतेकदा असते.

लीलाधरमामा सांगत फिरतात, "मीच बोललो होतो."
मी खोडून काढत नाही.
पुढल्या उन्हाळ्यात लागतील कदाचित.

मालकाला आता माल पाठवायला माणूस हवाय.
दुपारी त्याच्या तोंडून निघालं,
संध्याकाळी 'नवी पाळी'वर टाकलं.
नऊ जणांनी एकदम पाहिलं, निळं निळं.

आणि काल मंदाकिनीबाईंना
निशिगंधाच्या धाकट्या बहिणीचा बायोडाटा पाठवला.
तिला पुणंच हवंय.
पाठवण्याआधी दोनदा उघडून पाहिला,
कुठला आहे ते.